मालूबाईंचं खापर आणि मी तीनचाकी

घंटी वाजवून पळालात ना? या, इकडे या. ओरडणार नाही मी. उलट बरंच वाटलं, फार दिवसांनी कोणी वाजवली.

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे. लहान पोरांची नव्हे हं, चांगली मोठ्या माणसांची! पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक टोपली. रंग एके काळी हिरवागार होता. आता कुठे कुठे उरलाय, तेवढा बघून घ्या. बुऱ्हाणपुरात इतवारा मोहल्ल्यातल्या या छपराखाली मी उभी असते आणि येणारेजाणारे मला भंगार म्हणतात. म्हणोत बापडे. माझा सांगाडा अजून खणखणीत आहे आणि आठवणी तर त्याहून.

मी आले तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. गावात दोनचाकी सायकलीसुद्धा बोटांवर मोजाव्यात इतक्या. आणि मला कोणी बोलावलं म्हणता? वकिलानं नाही, शेठजीनं नाही. मला बोलावलं मांडे करणाऱ्या मालूबाईंनी!

मालूबाईंचा हात म्हणजे काय सांगू! पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत त्या उपरण्याएवढा करायच्या. इतका पातळ, की पलीकडचा माणूस दिसावा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायच्या. तापीकाठच्या आपल्या लोकांत मांड्यांवाचून लग्नाची पंगत होत नाही, आणि मालूबाईंवाचून मांडे होत नसत. मांडेवाली आपलं खापर आपणच डोक्यावर घेऊन लग्नघरी जाते. दुसऱ्याच्या हाती देत नाही. ती दारात आली की घरची बाई तांब्याभर पाणी तिच्या पायांवर घालते आणि तिला आत घेते. असा मान असतो तो.

पण एका वर्षी मालूबाईंना मोठा ताप आला. ताप उतरला, अंगात बळ आलं, पण तोल काही आला नाही. बसल्या की ठणठणीत, उभ्या राहिल्या की झोकांड्या. सरळ गल्लीत त्या भिंतीला जाऊन लागायच्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, तुमच्या पायांत काही दोष नाही. माणसाचा तोल कानाच्या आत असतो. तापात तिथं बिघाड झालाय."

आता हे गावात कोणाला पटावं?

"कानानं कोणी चालतं का?" लोक म्हणाले. "बाई प्यायला लागली, दुसरं काय!"

झालं! एकदा बोललं गेलं की ते गावभर फिरतं. बोलावणी बंद झाली. मालूबाईंनी खापर खाटेखाली सरकवून दिलं आणि दाराबाहेर पाऊल टाकणं सोडलं.

अशात त्यांची भाची शारदा हिचं लग्न ठरलं. शारदाची आई सरूबाई ही मालूबाईंची थोरली बहीण, राहायची इथंच इतवाऱ्यात. मुलगा रावेरकडचा, घर चांगलं, पण होणारी विहीण आशाबाई फार कडक. तिच्या कानावर गावचं बोलणं गेलंच. तिनं निरोप धाडला, "पिणाऱ्या बाईच्या हातचे मांडे आमच्या पंगतीत नकोत. आम्ही आमची बाई आणू."

सरूबाई तडक बहिणीकडे आली. "मालू, मी बी सांगून दिलं. मांडे माझी बहीणच करील. आता तू ये. पण कोणाचा हात धरून नको येऊ वं माय, लोकं म्हणतील बघा, उभं राहवत नाही."

"अक्का, येऊ कशी?" मालूबाई रडकुंडीला आल्या. "खापर डोक्यावर घेतलं तर दहा पावलांत फुटून जाईल. मी गेले नाही तर जन्मभराची दारूबाज ठरले."

मालूबाईंचे यजमान कौतिकभाऊ ओट्यावर बसून हे ऐकत होते. केळीची बाग करणारा माणूस, बोलायला कमी. ते उठले आणि सायकलवाल्या मोतीलालच्या दुकानात गेले. "भाऊ, असं काही आहे का," ते म्हणाले, "ज्याच्यावर बसलं की पडताच येत नाही?"

मोतीलालनं आधी साध्या सायकलीला दोन्हीकडे छोटी चाकं लावायचं सुचवलं. मालूबाईंना बैलगाडीतून दुकानात आणलं, सायकलीवर बसवलं, आणि ती अशी डुगडुगली की मालूबाई म्हणाल्या, "ही तर माझ्यापेक्षा जास्त प्यायलेली दिसते!" त्या आजारानंतर पहिल्यांदाच हसल्या, असं कौतिकभाऊ पुढे सगळ्यांना सांगायचे.

मग मोतीलालनं विलायती तीनचाकींची चित्रं काढून पुढ्यात ठेवली. एकीला दोन चाकं पुढे होती, एकीला मागे. त्यानं मोठा तोरा मिरवत वेग किती, चकाकी किती ते सांगायला सुरुवात केली. मालूबाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"वेग राहू द्या भाऊ. लुगडं नेसून चढता येईल का ते सांगा. मधला दांडा आडवा नको, खाली वाकलेला पाहिजे. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पाठीला टेका पाहिजे. गाडी उभी केली की ब्रेक अडकवून ठेवता आला पाहिजे, नाहीतर मी चढतेय आणि ती चालली पुढं, असं नको. आणि माझं खापर कुठं बसेल?"

एवढे सवाल मोतीलालला जन्मात कोणी केले नव्हते. पण माणूस मनानं मोकळा. त्यानं मालूबाईंना पाटावर बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप दोरीनं घेतलं, खापराचा घेर घेतला, आणि मागे दोन चाकांवाली मी ठरले. अशी मी माप घेऊन मागवलेली आहे बरं का. उगीच कुणाच्या गळ्यात पडलेली नाही.

रेल्वेनं मी लाकडी पेटीतून आले. सांगाडा वेगळा, चाकं वेगळी, साखळी तेलकट कागदात गुंडाळलेली. मोतीलालनं मला दुकानापुढे जोडायला घेतलं आणि निम्मा इतवारा गोळा झाला. आधी त्यानं सगळे नट नुसते बोटांनी फिरवून बसवले. मागचा आस सरळ आहे, दोन्ही चाकं जमिनीला सारखी टेकली आहेत, असं पाहिलं आणि मगच पाना घेऊन सगळं आवळलं. बैठकीवर पाण्यानं भरलेली थाळी ठेवली. पाणी एका बाजूला सरेना, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. माझ्याही.

"आता बघा!" म्हणून तो स्वतः माझ्यावर बसला. मोतीलाल गावातला पहिल्या नंबरचा सायकलबहाद्दर. वळण आलं तसा तो सवयीनं अंग झुकवून वळायला गेला. दोनचाकी झुकते हो, मी कशाला झुकू? मी सरळ गेले आणि मोतीलाल शेजारच्या केळीच्या पानांच्या ढिगात गेला. लोक पोट धरून हसले. त्याच्यामागून आणखी दोघा सायकलवाल्यांनी हौस भागवून घेतली. पानांचा ढीग होता म्हणून बरं!

मालूबाईंना मात्र सायकलीची सवयच नव्हती, म्हणून मोडायची सवयही नव्हती. मोतीलाल कपडे झटकत म्हणाला, "मालूबाई, अंग नका वाकवू, नुसता हँडल फिरवा." त्यांनी तसंच केलं. एक खोड मात्र माझी त्यांना आवडेना. माझी चाकं फिरत असली की पायडलही फिरतच राहतं. त्या म्हणायच्या, "ही बया पायांना उसंत देत नाही." पण रोज सकाळी त्या बागेच्या वाटेवर मला फिरवायच्या. जमीन हलली तरी त्यांच्याखाली मी हलत नव्हते. एकदा त्यांनी हँडल थोपटून मला म्हटलं, "पोरी, तुझ्यावर बसले की मला मी सापडते." खरं सांगते मित्रांनो, तेव्हा माझ्या चाकांची आरी न् आरी शहारली.

लग्नाचा दिवस उजाडला. वैशाखाचं ऊन, मांडवात आमरसाची तयारी. खापर टोपलीत गवताच्या चुंबळीवर बसवलं, दोरीनं बांधलं. कौतिकभाऊंचा आनंद मावत नव्हता. जन्म बैलगाडीवर गेलेला माणूस. चांगल्या कामाला निघायचं तर गाडीला वंगण घालायचं, ही त्यांची रीत. त्यांनी वंगणाची नळी काढली आणि मला एरंडेल पाजायला सुरुवात केली. आसाला, साखळीला, पायडलला. इथवर ठीक. मग चाकांच्या कडा पुसून चकचकीत केल्या आणि ब्रेकच्या रबरांनाही प्रेमानं बोट बोट तेल चोपडलं!

अहो भाऊ, ते नको, असं मी केवढ्यांदा म्हणाले असते! पण मला तोंड आहे कुठं? घंटी आहे, ती दुसऱ्यानं वाजवायची.

निघालो. कौतिकभाऊ मुद्दाम मागे राहिले, आधार दिला असं कोणी म्हणू नये म्हणून. सपाटीवर मोठ्या दिमाखात चाललो. "नमस्कार मालूबाई!" असं काही जण तोंडभरून म्हणालेसुद्धा. आणि मग इतवाऱ्याकडचा उतार लागला. मालूबाईंनी ब्रेक दाबला. रबर सुळ्ळकन घसरलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मी धावायला लागले, खापर मागे खडखडायला लागलं आणि उताराच्या तळाशी सरूबाईचा मांडव दिसायला लागला. तिथं रावेरची पाहुणे मंडळी उभी.

"सरका! सरका रे बाबांनो!" मालूबाई ओरडल्या. मी घाबरले. मी थांबू शकत नव्हते आणि मला हेही कळत होतं की आता आपण मांडवात घुसलो, तर खापर जाईल आणि या बाईची अब्रूही जाईल.

तेवढ्यात पायडल जड झालं. मालूबाईंनी दोन्ही पाय घट्ट रोवले आणि फिरणारं पायडल उलटं दाबायला घेतलं. एका पायानं रोखायच्या, ते निसटलं की दुसऱ्यानं. चेहरा लाल झाला, पण हँडल जराही हललं नाही. मी हळू झाले, आणखी हळू झाले आणि मांडवाच्या खांबाशी येऊन उभी राहिले. ते पाय लटपटतात म्हणणाऱ्यांनी यावं आणि बघावं!

खापर धड होतं. सरूबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. मालूबाई उतरल्या, आणि उतरताच झोक गेला. हात खांबाला जाऊन लागला.

आशाबाई म्हणाली, "बघा! मी काय म्हणत होते?" सरूबाईचा हात तांब्यासकट तसाच राहिला.

मालूबाईंनी खांब सोडला नाही आणि मानही खाली घातली नाही. "विहीणबाई, मी प्यालेली नाही. तोंडाचा वास घ्या वाटलं तर. तापात माझा तोल गेला, उभी राहिले की जमीन फिरते. बसले की माझे हात सरळ चालतात. खोटं वाटत असेल तर चुलीपाशी येऊन बसा."

आशाबाई कडक होती, पण वाकडी नव्हती. खरंच पाट घेऊन चुलीपाशी जाऊन बसली. माझी जागा मांडवाच्या कडेला, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. खापर तापलं. मालूबाईंनी गोळा हातावर घेतला. फिरला, वाढला, कोपरापर्यंत उतरला, कुठे भोक नाही, कुठे घडी नाही. खापरावर पडला तसा फुगला. मग दुसरा, मग तिसरा. आशाबाई बघतच राहिली. एक मांडा तिनं दुधात कुस्करून तिथंच खाल्ला आणि उठली. सरूबाईच्या हातातून तांब्या घेतला.

"पाय पुढं करा मालूबाई," ती म्हणाली. "मघाचं राहून गेलं ना." आणि स्वतः त्यांच्या पायांवर पाणी घातलं. मालूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सरूबाईही रडली, आणि उतारावरून धापा टाकत येऊन मांडवाबाहेरच थांबलेले कौतिकभाऊ काय झालं ते न कळताच रडायला लागले.

त्या सालापासून आम्ही किती लग्नं केली म्हणून सांगू! शहापूर, रावेर, लांब जायचं झालं तर मी बैलगाडीत चढून जायची आणि गाव आलं की उतरून मालूबाईंना मिरवत न्यायची. पुढे मोतीलालकडे लकव्यातून उठलेला एक सोनार आला, एक म्हातारे मास्तर आले. मोतीलाल आता वेगाचं काही बोलायचा नाही. आधी पाटावर बसवून माप घ्यायचा. कौतिकभाऊ गेले, मग मालूबाईही गेल्या, केस पांढरेशुभ्र होईपर्यंत मांडे करून गेल्या. मला कोणी चालवेना. पाऊस लागतो, कोंबडी टोपलीत अंडी घालते. असो, तिचीही सोय झाली.

मित्रांनो, मला पुसाल, चाकांत हवा भराल तर मी अजून चालेन आणि तुमचे उपकार मानेन. पण त्याहून एक मागणं आहे. रस्त्यात कोणी अडखळत, भिंत धरत चाललेलं दिसलं तर हसू नका आणि नाव ठेवू नका. जवळ जाऊन विचारा. त्या माणसाला नुसतं एक चाक कमी पडत असेल.