तिसऱ्या टेबलावरचा शिक्का

मी 'अवलोकित' बोलतोय. म्हणजे हा शब्द ज्याच्या अंगावर कोरलाय तो रबरी शिक्का, इंदूरच्या एका सरकारी कार्यालयातल्या तिसऱ्या टेबलावरचा. नाव भारदस्त आहे, पण मी आजवर एकही कागद वाचलेला नाही, हे आधीच कबूल करतो.

एकवीस वर्षं मी श्रीहरीबाबूंच्या हातात होतो. अर्ज आमच्या टेबलावर यायचा, चार-पाच दिवस ढिगात पडून राहायचा, मग माझा ठसा घेऊन चौथ्या टेबलाकडे जायचा. संध्याकाळी बाबू मला रुमालानं पुसून ठेवत. एवढी माया त्यांनी स्वतःच्या चष्म्यालाही लावली नसेल.

मागच्या सोमवारी परदेशीपुऱ्याच्या कौसल्याबाई आल्या. "बाबूजी, माझ्या संबोधीचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन आहे. बुधवारपर्यंत जातीचं प्रमाणपत्र नाही दिलं तर सीट गेली समजा."

"बाई, आठ दिन तो लगेंगे," बाबू म्हणाले.

नव्या अधिकारी ऋजुता मॅडम, मूळच्या नाशिकच्या, मागेच उभ्या होत्या. त्यांनी तो अर्ज उचलला आणि तो घेऊन स्वतःच टेबलामागून टेबल फिरू लागल्या. आमच्यापाशी थांबल्या.

"श्रीहरीजी, तुम्ही यात काय तपासता?"

बाबूंनी मला टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाले, "सच बोलू, मॅडम? काहीच नाही. शिक्का मारतो."

जुन्या फायली उपसल्यावर माझ्या जन्माचा आदेश सापडला. एक साहेब पंधरा दिवसांच्या रजेवर निघाले होते. तेवढ्यापुरते अर्ज कुणाच्या तरी नजरेखालून जावेत, म्हणून मला बनवलं होतं. साहेब परतले, बदलून गेले, रिटायरही झाले. मला थांबवायचं कुणाला सुचलंच नाही. फार लाज वाटली मला.

मॅडमनी त्याच दुपारी तिसरं टेबल बंद केलं. बाबूंचा चेहरा उतरला. "मग मॅडम, मी काय करू?" मॅडमनी त्यांची खुर्ची दाराशी मांडायला सांगितली. आल्या माणसाचा अर्ज तिथेच नीट भरून घ्यायचा आणि तयार कागद त्याच्या हातात द्यायचा.

बुधवारी दुपारी संबोधीचं प्रमाणपत्र आलं. सवयीनं बाबूंचा हात टेबल सोडताना खिशात घातलेल्या माझ्याकडे वळला. मलाही वाटलं, एकदाच, शेवटचं. पण त्यांनी हात मागे घेतला आणि कागद कौसल्याबाईंना दिला. एकवीस वर्षं ते कागद पुढच्या टेबलाला देत आले होते. माणसाला पहिल्यांदाच दिला.

बाई कागद छातीशी धरून तशाच कॉलेजकडे धावल्या. बाबूंनी पुढच्या माणसाचा अर्ज भरायला घेतला.

आता मी ड्रॉवरमध्ये असतो. शाई सुकली आहे. कुणाला माझी दया आली, तरी मला बाहेर काढू नका. बाबूंचा हात मोकळा राहू द्या.