जावयाची लांब धाव

जावयाला मारायचं हे म्हाताऱ्याने ठरवलं तेव्हा त्याच्या हातात जावयासाठीच आणलेले बूट होते. नवेकोरे, शर्यतीचे. तिसऱ्या मजल्यावरच्या दारापुढे तो बेल दाबायला बोट उचलून उभा होता आणि आतून लेकीचा आवाज आला, "बस. बस ना आता." मग फाडकन एक ठेवून दिल्याचा आवाज. मग काहीतरी जड भिंतीवर आदळलं. मग पुन्हा "बस", पण या वेळी तोंडात काहीतरी भरल्यासारखं.

म्हाताऱ्याने बेल दाबली. आत एकदम सामसूम झाली. जावयाने दार उघडलं ते हसतच. "या ना बाबा! अरे वा, बूट!" त्याच्या बोटांच्या पेरांवरची साल निघालेली होती. लेक न्हाणीघरातून बाहेर आली ती ओठांवर ओला रुमाल दाबून. "कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली. एक दात अर्धा तुटलेला होता. कपाटाला इतका नेम कुठून येतो, हे विचारायची हिंमत म्हाताऱ्याला झाली नाही. वितळलेल्या लोखंडापुढे जन्म काढलेला हा माणूस जावयापुढे मूग गिळून बसला आणि बूट देऊन निघाला. जिन्यात त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की त्याने लोखंडी कठड्यावर मूठ हाणली आणि करंगळी सुजवून घेतली.

त्यातही खरी आग पुढेच होती. हा जावई त्यानेच शोधून आणला होता.

धावणाऱ्या लोकांचं एक खूळ असतं. ते माणसाला पायांवरून ओळखतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर म्हातारा धावायला लागला आणि भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणायला लागला. पहाटेच्या टोळक्यात त्याला 'इंजिन' म्हणत. त्या टोळक्यात हा रुंद खांद्यांचा गडी आला. एका शर्यतीत शेवटच्या चढावर त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले, बुटातून रक्त बाहेर आलं, पण पठ्ठ्या थांबला नाही. म्हातारा तिथेच पाघळला. जो स्वतःचं दुखणं असं सोसतो, तो दुसऱ्याला काय दुखवणार, असं त्याचं गणित. घरी येऊन लेकीला म्हणाला, "मुलगा सोन्यासारखा आहे," आणि लग्न लावून मोकळा झाला. बायको आधीच गेली होती, त्यामुळे त्याला वेड्यात काढायलाही घरात कुणी नव्हतं.

आता हातांनी मारावं तर जावई त्याला एका फटक्यात आडवा करणार. चाकू, विष हे त्याच्या कल्पनेबाहेरचं. पण उकाडा त्याच्या ओळखीचा होता. भट्टीवर त्याने तगडे जवान कोसळताना पाहिले होते. त्याचा एक क्रम असतो. माणूस आधी चिडतो, मग बरळतो, मग पाय एकमेकांत अडकतात, आणि मग पडतो. पडल्यावर लगेच थंड पाण्यात बुडवला तर वाचतो. उशीर केला तर आतल्या आत शिजतो. आणि धावताना उन्हाने माणूस गेला तर कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही. चार लोक हळहळतात, घरी जातात.

ज्या शर्यतीसाठी ते बूट आणले होते, ती ऐन दमट दिवसांत होती. म्हातारा रोज टळटळीत दुपारी जाड सदरा घालून पळायला लागला. उकाडा अंगाला हळूहळू शिकवावा लागतो, एकदम शिकवला तर तो अंगालाच खातो. जावई मात्र व्यायामशाळेत, थंडगार खोलीत, फिरत्या पट्ट्यावर धावायचा. एका संध्याकाळी म्हातारा त्याला सहज बोलल्यासारखं बोलला, "रविवारी लांब धाव काढतोय. पहाटे नाही, उन्हं चढल्यावर. पण तू राहू दे, तुझं काम नाही ते."

"तुमच्या वयाला झेपतं, आणि मला झेपणार नाही?"

"बघ बाबा. मागाहून रडशील."

झालं. मासा गळाला लागला.

टोळक्यात एक नियम होता. दोघं लांब धावेला निघाले की कुणीही 'बस' म्हटलं, तर दुसऱ्याने तिथल्या तिथे पाय थांबवायचे. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही. जावयाने तो शब्द आजवर एकदाही तोंडातून काढला नव्हता आणि त्याचा त्याला केवढा तोरा होता. म्हाताऱ्याची सगळी मदार त्या तोऱ्यावर होती.

रविवारी आभाळ दाटलेलं होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं. हवा अशी की कढत फडकं तोंडावर दाबून धरावं. लेक पाण्याच्या बाटल्या घेऊन सायकलवर सोबत निघाली. ओठाची सूज उतरली होती, दात तसाच होता. कालव्याचा रस्ता सुरू झाला तसा म्हातारा तिला म्हणाला, "तू पुढे पुलापाशी जाऊन थांब. ट्रक येतात, तिघं शेजारीशेजारी नकोत."

तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग पायडल मारून पुढे गेली, आणि तिच्यासोबत पाणीही गेलं.

"काय बाबा, इंजिन तापलं का?" सुरुवातीला जावई मजेत होता. म्हाताऱ्याने वेग वाढवला. रस्त्याला झाड नव्हतं. एका बाजूला कालवा, पार तळापर्यंत कोरडा, दुसऱ्या बाजूला पत्र्याची गोदामं, आणि ढगांखालीही तापलेले त्यांचे पत्रे आग ओतत होते. घाम सुकत नव्हता, नुसता गळत होता. असा घाम काही कामाचा नसतो, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या कानांत घंटा वाजायला लागल्या होत्या, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तो मागे न बघता ऐकत होता. जावयाचे पाय आधी टपटप वाजत होते, आता फटक-फटक वाजायला लागले.

"पाणी कुठंय?"

"पुलापाशी."

"पूल कुठंय?"

"आलाच." तो कुठला यायला!

"तुमच्या आईला... तुमच्या पुलाच्या..." जावई शिव्या द्यायला लागला. म्हणजे चिडणं सुरू झालं होतं.

"बस म्हण. थांबू."

"तुम्ही म्हणा!"

म्हाताऱ्याला आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद होता, पण झाला, आणि त्याने तो दाबला नाही. त्याने आणखी वेग घेतला. मागे जावई पुटपुटत होता. आधी आकडे, मग नुसतेच शब्द. मग ओरडला, "दार उघड!"

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. जावई वाकडातिकडा चालत येत होता, चेहरा लालभडक, डोळे दुसरीकडेच लागलेले. "दार उघड म्हणतो ना! कुणाशी बोलत होतीस?" आणि काही कळायच्या आत त्याने म्हाताऱ्याची मान धरली.

पहिला ठोसा जबड्यावर बसला. दुसरा कानावर. म्हातारा रस्त्यावर पडला तसा जावयाने बरगड्यांत लाथ घातली, त्याच त्या नव्या बुटाची. आत काहीतरी मोडल्याचं म्हाताऱ्याला स्पष्ट ऐकू आलं. "पुन्हा करशील? बोल, पुन्हा करशील?" प्रत्येक शब्दाला एक लाथ. तोंडात रक्त आणि माती. "बस," असं म्हाताऱ्याच्या तोंडून आपसूक निघालं, आणि बंद दारामागे दिवसरात्र काय चालत असेल ते त्याला त्या क्षणी हाडात कळलं. हाताला विटेचा तुकडा लागला. त्याने तो जिवाच्या आकांताने जावयाच्या गुडघ्यावर हाणला. एकदा, दोनदा. जावई कोसळला, उठायला गेला, ओकला, पुन्हा कोसळला. मग त्याचे हातपाय झटके द्यायला लागले.

म्हातारा सरपटत बाजूला झाला आणि गोदामाच्या पायरीला टेकून बसला. आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

तेवढ्यात सायकल आली. पुलापाशी वाट पाहून लेक उलटी फिरली होती. तिने सायकल तशीच टाकली, नवऱ्याच्या गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "बाबा, हा तापलाय! काय झालं?" तिने बाटल्या त्याच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. समोर बर्फाचा कारखाना होता. फाटकाच्या आत लाद्या धुवायचा हौद, काठोकाठ भरलेला. "पाय धरा. तिकडे नेऊ."

म्हातारा हलला नाही. "राहू दे," तो म्हणाला. "थोडाच वेळ लागेल."

लेक तशीच थांबली. तिने बापाचा फुटलेला जबडा पाहिला, विटेचा तुकडा पाहिला, हातातली रिकामी बाटली पाहिली. "म्हणून मला पुढे पाठवलंत?"

तिने नवऱ्याच्या काखांत हात घातले आणि एकटीने ओढायला लागली. दुप्पट वजनाचा गडी तो. त्याच्या टाचा डांबरावर घासत होत्या. फाटकाच्या उंबऱ्यावर तिचा पाय घसरला, ती पाठीवर पडली आणि ते धूड तिच्या अंगावर. ओठाची जखम पुन्हा उलली. तरी ती त्याच्याखालून निघून पुन्हा त्याच्या काखांत हात घालायला लागली. ते म्हाताऱ्याला बघवेना. जावयासाठी तो उठला नसता, त्याच्या सात पिढ्यांसाठी उठला नसता. लेकीसाठी उठला, मोडक्या बरगड्या धरून, आणि त्याने पाय उचलले.

दोघांनी मिळून त्याला हौदात टाकलं. पहारेकरी धावत आला, भुवया कपाळात गेलेल्या. त्याने बर्फाचे तुकडे आणून ओतले आणि रुग्णवाहिकेला फोन करायला आत गेला. लेक काठावर बसून नवऱ्याचं डोकं धरून राहिली. बऱ्याच वेळाने त्याचे दात वाजायला लागले, बुबुळं जागेवर आली. त्याने तिला ओळखलं. आणि ओळखल्याबरोबर त्याचा हात पाण्यातून वर आला आणि तिच्या केसांत गेला. "तूच," तो दात-ओठ खात म्हणाला, "तूच बापाला शिकवलंस." त्याने केसांना हिसडा दिला. तिचं कपाळ हौदाच्या काठावर आपटलं.

म्हातारा पुढे झेपावला.

"तुम्ही लांब व्हा!" ती ओरडली. बापावर ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली होती. तिने केसांतली ती मूठ चाचपली, करंगळी शोधली, पकडली आणि सगळं अंग लावून उलटी पिळली. कट्कन आवाज झाला. जावई गुरासारखा ओरडला. मूठ सुटली.

ती उठून उभी राहिली. कपाळावरून रक्त भुवईत येत होतं, तिने ते बाहीने पुसलं.

"मला सोडवायला निघाला होतात ना?"

"हो," म्हातारा म्हणाला.

"लग्न लावताना विचारलं नाहीत. विधवा करताना तरी विचारायचं होतं."

लाथा खाताना आलं नव्हतं ते पाणी आता म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आलं.

"मी चौकीवर चाललेय. याने काय काय केलं ते सांगणार आहे. तुम्ही आज काय केलंत तेही सांगणार आहे."

"सांग."

"गाडी येईपर्यंत त्याचं डोकं पाण्याच्या वर धरा. बुडाला तर तेही सांगेन."

ती फाटकाबाहेर गेली, सायकल उभी केली, वाकडं झालेलं हँडल पायांत धरून सरळ केलं आणि निघाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. म्हातारा हौदाच्या काठावर गुडघे टेकून बसला. जावयाची मान ढिली पडून हनुवटी पाण्यात चालली होती. म्हाताऱ्याने हनुवटीखाली तळहात लावला.

"बाबा, बोट," जावई लहान पोरासारखा हुंदके देत होता. "बाबा, माझं बोट."

वाकल्यावर बरगडी आत टोचत होती. पाणी इतकं गार होतं की थोड्याच वेळात म्हाताऱ्याचा हात बधिर झाला. मग त्याने दुसरा हात लावला.