कटुसची घोंगडी

बेलिकसने शिशाचा पत्रा मांडीवर घेऊन तळव्याने दाबून सपाट केला, लोखंडी टोच्याचं टोक अंगठ्यावर लावून पाहिलं आणि विचारलं,

"नाव?"

"माझं?"

"तुझं तर लिहीनच, मावशी. चोराचं विचारतोय."

"ते ठाऊक असतं तर त्याच्या दारात जाऊन बसले असते. तुझ्याकडे कशाला येऊ?" लोव्हर्ना म्हणाली.

बेलिकसला हे उत्तर रोजच ऐकावं लागे. देवळाच्या भिंतीला पाठ लावून तो बसे, आणि ज्यांचं काही चोरीला गेलंय ते सगळे त्याच्यासमोर उकिडवे बसत. त्याच्या मागे सुलिसदेवीच्या कुंडाची वाफ थंड हवेत सावकाश वर चढत होती. लोव्हर्नाची आजी या पाण्याकडे तोंड करून नुसतं बोलायची आणि देवी ऐकायची. रोमन आले, त्यांनी कुंडाला दगडी भिंत बांधली, खांब उभे केले. तेव्हापासून देवीलाही लिहिलेलंच लागतं असं सगळे धरून चालले होते.

"मग नेहमीचंच लिहितो," तो म्हणाला. "बाई असो, बाप्या असो, गुलाम असो की मोकळा. काय गेलं?"

"घोंगडी. खोळ असलेली. माझ्या मुलाची."

"मग तो का नाही आला?"

लोव्हर्नाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"उत्तरेला रोमनांच्या सरहद्दीच्या भिंतीवर पहाऱ्याला होता. तापाने गेला. त्याच्याबरोबरचा एकजण एवढी घोंगडी घेऊन आला. बाकी काहीच आलं नाही."

टोचा थांबला. बेलिकसने मान खाली घातली आणि पुढची अक्षरं जरा हळू कोरली. "घोंगडी देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू नये," त्याने वाचून दाखवलं. "एवढं बास?"

"नाही. त्याला मूलबाळ लाभू नये. असतील ती जगू नयेत. पोटातलंसुद्धा."

"मावशी, पाण्यात गेलं की मग खोडता येत नाही."

"लिही तू."

त्याने लिहिलं. पत्र्याची घडी घालून तिने ती स्वतःच्या हाताने कुंडात टाकली. हिरव्या पाण्यातून बुडबुडे येतच होते. त्यातला आपला कुठला ते तिला कळलं नाही. पण परतताना, कटुस गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच, तिला सडकून भूक लागली. भाकरीवाल्याच्या भट्टीपाशी उभी राहून तिने गरम भाकरी नुसतीच खाल्ली.

ती घोंगडी तिनेच विणलेली होती. कटुस पलटणीत भरती झाला त्या वर्षी मेंढ्यांची सगळी चांगली लोकर तिने त्याच्यासाठी बाजूला ठेवली होती. घोंगडी परत आली तेव्हा तिला धुराचा आणि कुठल्याशा परक्या तेलाचा वास होता, आणि त्याखाली त्याचा. लोव्हर्ना ती घेऊन झोपे. जेवताना ती बाकावर, त्याच्या जागी ठेवी आणि समोर जवाच्या लापशीचा वाडगाही मांडे. मुलगी ब्रिका नदीपलीकडून बाजाराच्या दिवशी यायची, ते पाहायची आणि वाडगा निवाला की उचलून ठेवायची. मग एके दिवशी बाजारातून लोव्हर्ना परत आली तर दार सताड उघडं आणि घोंगडी गायब.

चोरीनंतर ती कोलमडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण झालं उलटंच. चोराला देवीच्या हवाली करून आल्यापासून ती पुन्हा मागावर विणायला बसू लागली, शेजारच्या माटुगेनाशी भांडायलाही लागली. त्यातच ब्रिकाने सांगितलं की तिला दिवस राहिलेत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नवरा उरिको चांगला होता म्हणून कुणी बोलत नव्हतं इतकंच. लोव्हर्नाने कोकराची लोकर काढली आणि मऊ सूत कातायला घेतलं.

"मुलगा असेल तर निळं," ती म्हणे.

"आणि मुलगी असेल तर?"

"तर डोकेदुखी."

ब्रिका हसायची. कितीतरी महिन्यांनी आई अशी बोलत होती.

बहुतेक त्यामुळेच तिला धीर आला असावा. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत दोघी दारात लोकर विंचरत बसल्या होत्या. ब्रिकाचं पोट आता फणीच्या आड येत होतं.

"आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"रागवण्यासारखं असेल तर रागवेन."

"घोंगडी मी नेली."

लोव्हर्नाचा हात चालूच राहिला.

"तू बाजारात गेलीस तेव्हा आले होते," ब्रिका भरभर बोलू लागली. "त्याला कुणी अग्नी दिला की कुठल्या खड्ड्यात टाकलं, आपल्याला काय माहीत? तू तिच्याशी बोलायचीस. तिला वाढायचीस. मला वाटायचं तो इथेच अडकलाय, बाकावर. आई, मला त्याची भीती वाटायला लागली होती. माझ्या भावाची! मग मी आणि उरिकोने नदीकाठी लहानसं सरण रचलं. त्यावर घोंगडी ठेवली, त्याच्या आवडीची दारू ओतली, नाव घेऊन हाका मारल्या. राख पाण्यात सोडली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यासाठी पोटभर रडले. तुला विचारलं असतं तर तू नेऊ दिली असतीस का?"

फणीचे दात लोव्हर्नाच्या तळव्यात रुतले होते. लोकरीवर लाल ठिपका उमटला तसा तिने तो भाग मुठीत धरला.

"सगळी राख सोडलीस?"

"सगळी."

"एखादी चिंधी? खोळीची गाठ?"

"काहीच नाही उरलं. असं का विचारतेस?"

"सहज."

"बोल ना काहीतरी. मार हवं तर."

"बरं केलंस," लोव्हर्ना म्हणाली. "माझ्याच्याने झालं नसतं. तू केलंस ते बरं केलंस."

ब्रिका रडायला लागली. रडतारडताच तिने आईचा दुसरा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ, लाथा मारतंय. त्यालाही पटलं."

लोव्हर्नाने हात तिथेच ठेवला. ओढून घ्यावा असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती बेलिकससमोर उभी राहिली.

"काढून दे ते."

"काय?"

"मी टाकलेलं."

"मावशी, या कुंडाला तळ कुणी पाहिलाय?" तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "घोंगडी मिळाली का? मिळाली असेल तर आणून दे. देवी सोडेल."

"ती जळाली. राखसुद्धा नाही."

"म्हणजे चोर सापडला."

तिने नजर कुंडाकडे वळवली.

"वस्तूच उरली नसेल तर अवघड आहे," बेलिकस हनुवटी खाजवत म्हणाला. "एक करतात कधीकधी. बिननावाचं दिलं की देवी शोधत फिरते. मागाहून नाव कळलं तर लोक नाव देतात. मग ती दुसरीकडे जात नाही, थेट त्या नावाकडे जाते. तसं मानतात. देवीने मला येऊन सांगितलेलं नाही."

"मग लिही नाव. लोव्हर्ना."

"ते तुझं आहे."

"मीच चोर."

बेलिकसने तिच्याकडे नीट पाहिलं. माणसं त्याच्यासमोर कायकाय बोलत. कुणाला उलट विचारायचं नाही हे त्याने फार पूर्वी ठरवलं होतं. त्याने पत्रा घेतला, टोचा टेकवला, आणि तरीही तो थांबला.

"मागच्या वेळी काय लिहवून घेतलंस ते आठवतंय ना? असतील ती मुलं जगू नयेत. तुझा मुलगा गेला. आणखी कुणी आहे तुला?"

लोव्हर्ना घरापासून इथवर चालत आली होती, आणि हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. ती पायरीवर बसली. चोर ब्रिका, तर ब्रिकाच्या पोटातलं. चोर आपण, तर ब्रिका.

सांधे धरलेला एक जाडा व्यापारी नोकराच्या खांद्यावर भार टाकून स्नानाला आत गेला. कुणीतरी पितळी भांडं चोरल्याची तक्रार घेऊन एक बाई आली; बेलिकसने तिचं लिहून दिलं, ती टाकून निघूनही गेली. वाफ सरली, पुन्हा आली. लोव्हर्ना गुडघ्यांवर हात ठेवून बसून होती. मग उठली.

"लिही. लोव्हर्ना. बाई एकटी. तिला मूलबाळ नाही."

"मावशी, देवीला खोटं चालत नाही."

"खोटं राहणार नाही ते," ती म्हणाली, आणि त्याने लिहिलेला पत्रा घेऊन कुंडात टाकला.

बाजाराच्या दिवशी ब्रिका आली तेव्हा लोव्हर्ना उंबऱ्यात उभी होती. बाजूला हटली नाही.

"सरक ना, पाय दुखताहेत."

"आत यायचं नाही."

"का, शेण सारवलंयस?"

"मला मुलगी नाही."

ब्रिका आधी हसली. आईची ती तऱ्हाच होती. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"घोंगडीवरून? तूच म्हणालीस, बरं केलंस."

"माझ्या पोराची एवढी एकच खूण, ती चोरून जाळणारी माझी कोण?" लोव्हर्ना मोठ्याने म्हणाली. गल्लीतले लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने. देवळाच्या दिशेला तोंड करून. "ऐकलं सगळ्यांनी? मला कुणी नाही."

ब्रिका पोटाखाली हात धरून थोडा वेळ उभी राहिली. कुणीतरी येऊन हे थांबवेल असं तिला वाटत असावं. मग ती गेली.

खरं सांगावं असं लोव्हर्नाच्या ओठांवर कैकदा आलं. पण सांगितलं असतं तर ब्रिका म्हणाली असती, चालेल आई, लोकांपुरतं तोडू, आतून नको. आणि आतून राहिलेलं देवीला दिसलं असतं. म्हणून तिने ब्रिकाचं नाव घेणं सोडलं. मनात आलं की ती मोठ्याने वेगळंच काही बोलायला लागे, शेळीशी, चुलीशी. तिची झोप उडाली. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, काळजीने असेल. पण नंतरही डोळा लागेना, आणि तेव्हा पहाटेच्या अंधारात पडल्यापडल्या तिला इतकं हायसं वाटलं की ती उठून बसली. चोराला झोप लागू नये, असंच तर लिहिलं होतं. देवीने नाव वाचलं होतं.

कोकराचं सूत तिने विकून टाकलं.

थंडी सरत आली असताना माटुगेना धावत कुंपणाशी आली. "अगं ए, आजी झालीस! मुलगी. दोघी धडधाकट आहेत. आता तरी सोड तुझा ताठा."

लोव्हर्ना पाण्याची घागर उतरवत होती. ती घागरीसकट खाली वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली.

"कुणाला मुलगी झाली म्हणालीस?"

"तुझ्या लेकीला!"

"तुझी काहीतरी गल्लत होतेय," लोव्हर्ना म्हणाली आणि पाणी आत घेऊन गेली.

माटुगेना गावभर सांगत सुटली, की असली दगडाची बाई आपण पाहिली नाही.

रस्ते कोरडे झाल्यावर एका दुपारी दार वाजलं. लोव्हर्नाने उघडलं. समोर ब्रिका होती, गालांची हाडं वर आलेली, हातात गुंडाळलेलं बाळ. कुंपणापाशी माटुगेना टाचा उंचावून उभी होती.

"मी आत येत नाही," ब्रिका घाईघाईने म्हणाली. "तू माझ्याशी नको बोलूस. हिला फक्त एकदा बघ. कान बघ हिचे, थेट कटुसचे आहेत. उरिकोही म्हणाला. आई, माझा राग हिच्यावर नको काढूस."

तिने दुपटं बाजूला केलं. बाळ लालबुंद होतं, तोंड वाकडं करून जांभई देत होतं. जांभई देतादेता त्याने एक पाय ताणला आणि तो उघडा पाय वाऱ्यात तसाच राहिला. इवलासा, टाच अजून सुरकुतलेली.

लोव्हर्नाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले.

"कोणाकडे आलात तुम्ही?" तिने विचारलं.

ब्रिकाचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात आईने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"आई..."

"घर चुकलात, बाई. इथे मी एकटीच राहते." तिचा आवाज अगदी नीट होता, वाटसरूला रस्ता सांगावा तसा. "लांबून आला असाल तर त्या शेजारणीकडे पाणी मिळेल."

माटुगेना कुंपणावरून काहीतरी पुटपुटली. ब्रिका आईच्या चेहऱ्यात शोधत राहिली. मग तिचे डोळे भरून आले, आणि ती वळणार एवढ्यात लोव्हर्ना पुन्हा बोलली.

"वारा आहे. बाळाचे पाय झाकून घ्या."

ब्रिकाने खाली मान घालून दुपटं ओढलं आणि तो पाय आत घेतला. ते पुरतं झाकलं जाईपर्यंत लोव्हर्ना उभी होती. मग तिने दार लावलं.