नावापुढचा रिकामा गोल

"आधी तुम्ही घ्या, ड्वाइट," आर्लिस म्हणाली आणि शेरीफची टोपी तिने त्याच्यापुढे सरकवली.

टोपीत दोन चकत्या होत्या, पत्त्यांच्या डावात लावतात तसल्या. एक निळी, एक पांढरी. निळी ज्याच्या हाती येईल तो काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मंडळावर बसणार. मतं दोनदा मोजून झाली होती आणि दोन्ही वेळा दोघांची सारखीच भरली होती. मग नशिबावर सोडायचं, असा अमेरिकेतल्या त्या भागात नियमच आहे.

ड्वाइट पिकांचे विमे विकायचा. माणूस वाईट नव्हता. त्याने डोळे मिटून हात घातला आणि निळी चकती काढली.

"माफ कर हं आर्लिस," तो ओशाळून म्हणाला.

"अहो, माफी कसली? अभिनंदन," तिने हात मिळवला. वर टोपीतली उरलेली पांढरी चकती काढून कारकून बाईच्या टेबलावर नीट ठेवली. हरलेल्या माणसाने टोपी रिकामी करून द्यावी, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिचा स्वभावच तसा.

बाहेर व्हरांड्यात कारकून बाई तिच्या मागोमाग आली. "एक मत गं," ती हळहळली. "एकच हवं होतं. आपलं नशीबच फुटकं."

आर्लिसने मान हलवली. नशिबाचं काय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. मतपत्रिकेवर स्वतःच्या नावापुढचा गोल तिने कोरा ठेवला होता.

आता यावर काय बोलायचं? बाई निवडणुकीला उभी राहते, महिनाभर चिखलातून दारोदार फिरते आणि स्वतःला मत देत नाही! दुसरीकडे कुठे सांगितलं तर लोक हसतील. पण डाकोटाच्या त्या सपाट मुलखात नॉर्वेहून आलेल्यांच्या लेकरांना हे दुधाबरोबर पाजलेलं असतं. तिथे चर्चच्या तळघरात जेवणं होतात, तेव्हा केकच्या ट्रेमधला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. एक जण त्याचा अर्धा घेतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी नखाएवढा उरतो तो तसाच ट्रेबरोबर धुतला जातो. आर्लिसचे वडील वर्षानुवर्षं गावच्या पंचांत होते आणि दर निवडणुकीत स्वतःच्या नावापुढे कोरं सोडून घरी यायचे. "आपल्या ताटात आपणच वाढून घेतलं तर शोभतं का?" असं ते म्हणायचे. त्यांचं निभावलं, कारण त्यांच्याविरुद्ध कधी कुणी उभंच राहिलं नाही.

आर्लिसलाही मानाची हौस नव्हती. नॉर्डेन गावच्या अँब्युलन्सवर ती बिनपगारी काम करायची, तरुणपणापासून. ती अँब्युलन्स बंद करून एकच गाडी काउंटीच्या मोठ्या गावी ठेवायची, कर वाचेल, असं ड्वाइटचं म्हणणं होतं. मोठं गाव चाळीस मैल लांब. मंडळातली निम्मी माणसं त्याच्या बाजूची, निम्मी विरुद्ध. या एका जागेवर सगळं अडलं होतं. दुसरं कुणी उभं राहीना, म्हणून ती राहिली.

प्रचाराला म्हणून ती शेजारच्या शेतावरच्या ऑर्डेलकडे गेली होती तो दिवस तिला आठवत राहिला. ऑर्डेल ऐंशीच्या घरातला, हृदय अधू. अँब्युलन्सने त्याला दोनदा मरणाच्या दारातून माघारी आणलेलं. त्याची बायको इनेज हिने कॉफी ओतली. आर्लिस वासरांबद्दल बोलली, पावसाबद्दल बोलली, इनेजच्या गुडघ्याबद्दल बोलली.

"कशाला आलीस?" ऑर्डेलने शेवटी विचारलं.

"सहज."

"एवढ्या चिखलातून सहज कुणी येत नाही. मत मागायला आलीस ना? मग माग की."

"तुम्हाला ठाऊकच आहे."

"मला ठाऊक आहे गं. पण एकदा तोंडाने म्हण, म्हणजे मला बघायला मिळेल."

ती कानापर्यंत लाल झाली. "कॉफी छान झालीये, इनेज," एवढंच तिच्या तोंडून निघालं. म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला.

मतदानाच्या दिवशी तोच ऑर्डेल अंगात ताप असताना, कोटावर घोंगडी गुंडाळून, इनेजच्या खांद्यावर भार टाकत आला होता. दारातच आर्लिस भेटली. "माझं टाकून झालं," तो धापा टाकत म्हणाला. "आता तू तुझं टाक."

"टाकते," ती म्हणाली.

आणि आत जाऊन तिने शेरीफसाठी गोल भरला, न्यायाधीशासाठी भरला. स्वतःच्या नावाशी पेन थांबलं. पलीकडच्या टेबलाशी शेजारपाजारची मंडळी बसली होती. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं, तरी वडील बघताहेत असं तिला वाटलं. तिने कागदाची घडी घातली.

टोपीच्या त्या दिवसानंतर जो भेटेल तो तिचं सांत्वन करायचा. दुकानात, पोस्टात, चर्चच्या पायरीवर. "तू आपल्या परीने सगळं केलंस आर्लिस. नशिबापुढे कुणाचं काय चालतं?"  ती "हो ना" म्हणायची आणि घाईने निघायची. नव्या वर्षात मंडळाची बैठक झाली, ड्वाइटचं मत पडलं आणि नॉर्डेनची अँब्युलन्स मोठ्या गावी गेली.

फेब्रुवारीत, भर दुपारी, इनेजचा फोन आला. आर्लिस टोपीसुद्धा न घालता पळाली. ऑर्डेल स्वयंपाकघरात पडला होता. ती गुडघ्यांवर बसली आणि त्याची छाती दाबू लागली. मर्ल, तिचा नवरा, मागून आला. ती दमली की तो दाबायचा, तो दमला की ती. बाहेर रस्त्यावर बर्फ उडत होतं. इनेज खिडकीशी उभी राहून सारखं म्हणत होती, "येईल आता. येईलच." हात गळून गेले तरी गाडी आली नाही. आली तेव्हा त्यातल्या पोराने ऑर्डेलच्या मनगटाला हात लावला आणि मग आर्लिसच्या खांद्यावर ठेवला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमचे पाव आणि केक. इनेज तिच्याशेजारी येऊन बसली.

"तुला मत द्यायला तो तापातून उठला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, एका मताने काय होतंय? तर माझ्यावरच खेकसला. आणि बघ, शेवटी एकाच मताचं काम होतं. त्याने आपलं केलं गं. नशीब आडवं आलं, दुसरं काय."

आर्लिसला सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण इनेजच्या चेहऱ्यावर नवऱ्याचा एवढा अभिमान होता की तो हिरावून घेण्याचं तिला धाडस झालं नाही. समोरच्या ट्रेमध्ये केकचा नखाएवढा तुकडा उरला होता. ती त्याच्याकडे बघत बसली.

मर्ल ऑर्डेलच्या गोठ्यातली गुरं बघायला थांबला, म्हणून ती एकटीच गाडी घेऊन घरी आली. इतकी वर्षं अंगणात गाडी लावायची ती नेहमी उलटी, तोंड रस्त्याकडे करून. बोलावणं आलं की मागे घेण्यात वेळ जायला नको म्हणून. अँब्युलन्सवरचे सगळेच तशी लावायचे. त्या दिवशी तिने गाडी सरळ आत घातली, नाक भिंतीला टेकेपर्यंत, आणि घरात जाऊन कोट न काढता बसून राहिली.

मर्ल आला. अंगणात गाडीपाशी जरासा थांबून मग आत आला.

"मी माझ्या नावापुढे गोल भरला नव्हता, मर्ल," ती म्हणाली.

मर्लने बूट काढता काढता मान वर केली नाही. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो."

"मग बोलला का नाहीस?"

मर्लने दुसरा बूट काढला. "मी भरला होता तुझ्या नावापुढे," तो म्हणाला. "वाटलं, दोघांचा मिळून तो एक पुरेल."

ती रडली. गेल्या चार महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत होती. मर्लने काढलेले बूट पुन्हा पायात घातले, तिच्यासमोरची किल्ली उचलली आणि बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्याने ती मागे घेतली, वळवली आणि पुन्हा तोंड रस्त्याकडे करून उभी केली.