पंकजच्या नावाची नळी

"मॅडम, आत्याच्या मुलाशी लग्न केलं तर चालतं का?"

मी माइकवरून हे विचारलं आणि अख्ख्या हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या रांगेत तृप्ती आणि प्राजक्ता एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. "हिंमत है तो पूछ ना! पंकजचं नाव नको घेऊ, बस." दोन कचोऱ्यांची पैज. मागच्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज फाटायचा. पण गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलं तेव्हापासून माझी भीडच चेपली. आता मला कुणी माइक देऊन तर बघा!

पंकज म्हणजे बहादरपूरच्या मालूआत्याचा धाकटा मुलगा. मी पाळण्यात होते तेव्हाच आत्यानं माझ्या पायात चांदीचे वाळे घातले आणि बाबांना सांगून टाकलं, "वसंता, ही माझी." आमच्यात असं चालतं. आईसुद्धा बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. माझी बारावी झाली, अठरा पूर्ण झाली की साखरपुडा, हे राजपुऱ्यातल्या आमच्या शेजाऱ्यांनाही पाठ होतं. आणि खरं सांगते, मला ते आवडत होतं. पंकज आवडत होता. त्यानं मला स्कूटी शिकवली. मी दोनदा नालीत गेले आणि दोन्ही वेळेस त्यानं आधी स्कूटी उचलली, मग मला. यावरून मी त्याला इतके टोमणे मारलेत की विचारू नका.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या मुंबईहून आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आल्या होत्या, रक्त न गोठण्याच्या आजारांवर संशोधन करायच्या. त्यांनी फळ्यावर गोल आणि चौकोन काढले. "शरीरातली जवळजवळ प्रत्येक सूचना दोनदा लिहिलेली असते. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यातली एक बिघडलेली असली तरी दुसरीवर बहुतेकदा काम भागतं, माणसाला कळतही नाही. पण नात्यात लग्न झालं तर तीच बिघडलेली सूचना दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. आणि मुलाला दोन्ही बिघडलेल्या आल्या, तर..." त्यांनी एक चौकोन पूर्ण रंगवला. मग माझ्याकडे बघितलं. "घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही, असं आहे का?"

"माझ्या भावाचं," मी म्हणाले. ते माइकमधूनच गेलं. कुणी हसलं नाही.

ललित आठ वर्षांचा आहे. त्याचे पाय कायम निळे असतात आणि नाक वाहायला लागलं की टॉवेल भिजतो. आजवर सगळ्या डॉक्टरांनी त्याच्या प्लेटलेट मोजल्या आणि सगळे म्हणाले, "गिनती तो ठीक है." तरी आई त्याला रोज सकाळी पपईच्या पानांचा रस पाजायची, डेंग्यूत देतात तसा. पाच वर्षं. तो नाक दाबून प्यायचा आणि वर गुळाचा खडा मागायचा.

मॅडमनी आमच्या सगळ्यांचं रक्त मुंबईला नेलं. अडीच महिन्यांनी त्या स्वतः घरी आल्या. "ललितच्या प्लेटलेट कधी कमी नव्हत्याच," त्या म्हणाल्या. "भरपूर आहेत. पण जखमेवर त्यांनी एकमेकींना धरून ठेवायचं असतं, ते त्यांना जमत नाही." हे ऐकून आई आत गेली आणि मिक्सरचं भांडं घासत बसली. ते सकाळीच घासलेलं होतं.

"इलाज सांगा," बाबा म्हणाले. तहसीलमध्ये ते लोकांना जसं सांगतात, कागद आणा, होऊन जाईल, तसा त्यांचा चेहरा होता.

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "रक्त आलं की बाहेरच्या प्लेटलेट द्यायच्या, एवढंच होतं. पण याआधी दवाखान्यात चढवलेल्यांमुळे त्याचं शरीर आता त्याही मारून टाकतंय. अस्थिमज्जा बदलता येते, पण हिची, चारूची, जुळत नाही. बाहेर दाता शोधू, आशा कमी आहे. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आम्ही सध्या फक्त हे कुठून येतं ते शोधतोय."

आईमध्ये एक बिघडलेली सूचना, बाबांमध्ये एक, माझ्यातही एक, असं तपासणीत निघालं होतं.

"मला काही होणार नाही ना?"

"तुला काही नाही. फक्त लग्नाआधी मुलाची तपासणी कर. त्याच्यातही हेच असलं, तर दर वेळेस चारात एक मूल ललितसारखं."

पंकजमध्ये ते असण्याची शक्यताही चारात एकच, असं त्या म्हणाल्या. मी मनात हिशोब केला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. चारात तीन आमच्या बाजूनं होते की! शिवाय सुईची भानगड नव्हती. मॅडमनी एक प्लॅस्टिकची नळी दिली, तिच्यात रेघेपर्यंत थुंकायचं, बस. मी स्वतः त्यावर 'पंकज' लिहिलं, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात.

आत्यानं फोनवर तोंडसुख घेतलं. "आमच्या पोराला काय धाड भरलीय व? थुंकी कुठं तपासता का कुणी?" पण आठवड्यात नळी भरून आली. पंकजचा मेसेज आला, "हो गया. अब खुश?" मी त्याला "चारात तीन चांगले असतात!" लिहून नाचणाऱ्या बायकांची अख्खी रांग पाठवली.

उत्तराची वाट बघत होतो तेव्हा ललितचा दात पडला. पोळी खाताना, साधा दुधाचा दात. तीन दिवस रक्त थांबलं नाही. दवाखान्यात प्लेटलेटच्या दोन पिशव्या चढवल्या, काही फरक पडला नाही. चौथ्या दिवशी औषधाचे बोळे दाबून दाबून कसंबसं थांबलं. तो घरी आला तो कागदासारखा पांढरा. आरशासमोर उभा राहून त्यानं तोंड उघडलं आणि बोटानं मोजलं. "ताई, दुधाचे अजून अकरा आहेत."

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"वसंतराव, काहीतरी घोळ झालाय. नळीवर पंकज लिहिलंय, पण नमुना बाईचा आहे."

"बाईचा कसा?" बाबा म्हणाले.

"ते तुम्हीच विचारा. मी नवी नळी पाठवते."

नळी आली त्या दुपारी मी स्कूटी काढली आणि बहादरपूर गाठलं. आत्या ओट्यावर तूर निवडत होती. शेजारी अश्विनीवहिनी, पंकजच्या मोठ्या भावाची बायको. मी नळी दाखवली तशी वहिनी सुपात बघायला लागली, आणि मला कळलंच.

"वहिनी, तुम्ही थुंकलात?"

"मी काय करू चारू, आत्याबाईंनी सांगितलं."

"सांगितलं मी!" आत्या म्हणाली. "ती बाहेरच्या घरची, तिच्यात काही निघणार नव्हतं. तुझंच काम सोपं केलं. थुंकीवर काय नाव लिहिलेलं असतं का माय, बाईची का बाप्याची?"

दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते. पंकज मागच्या दारातून आला, हाताला केळीचा चीक लागलेला. मी त्याच्यापुढे नळी धरली.

"तुला माहीत होतं?"

तो हाताचा चीक खरवडायला लागला.

"पाच मिनिटांचं काम आहे, पंकज. मी तोंड फिरवते हवं तर."

"और निकला तो?" तो हळूच म्हणाला. "सांग ना. माझ्यात निघालं तर? दुसरी कोण करणार माझ्याशी? आणि तूपण नाही म्हणशील."

"आपण दोघं मिळून ठरवू ना. कळलं तर ठरवता येईल."

"नाही कळलं तर ठरवावंच लागत नाही." त्यानं माझ्या हातातली नळी घेतली. क्षणभर मला वाटलं, झालं. त्यानं झाकण घट्ट बसवलं आणि ती परत माझ्या पर्समध्ये ठेवली. "होऊ दे ना चारू. चारात तीन चांगले असतात, तूच म्हणालीस."

"माझ्या पोराला नाकारलंस तर या जन्मी वसंताला राखी बांधणार नाही," आत्या मागून ओरडली. मी स्कूटीची चावी उलटी घालायला गेले आणि ती धुळीत पडली. पंकज तिथंच उभा होता. या वेळेस उचलायला आला नाही.

घरी आई-बाबा वाटच बघत होते. मी सगळं सांगितलं, वहिनीसकट. बाबांनी चपला घातल्या, परत काढल्या. "एकच बहीण आहे मला," ते म्हणाले.

आई म्हणाली, "चारू, त्याच्यात नसेलही. चांगला मुलगा आहे. आम्हालाही कुठं काय माहीत होतं तेव्हा?"

"तुम्हाला माहीत नव्हतं आई. मला माहीत आहे."

आतल्या खोलीत ललित झोपला होता, तोंडात बोळा धरून. खालचा आणखी एक दात सकाळपासून हलत होता. मी नाही म्हटलं तरी तो हलायचा थांबणार नव्हता, तेही मला माहीत होतं.

"बाबा, आई, मी पंकजशी लग्न करणार नाही. आत्याला फोन तुम्ही लावू नका. मी लावणार आहे, आत्ताच."