दाराखालचा हातमोजा

मित्रांनो, माझ्यात चेंडू राहत नाही. मी बेसबॉलचा एक जुना हातमोजा आहे. सरावाचा, चपटा, तळहाताहून थोडाच मोठा. चेंडू माझ्यावर आदळला की दुसऱ्या हाताने लगेच झाकावा लागतो, नाहीतर निसटतो. म्हणून मला कोणी सामन्याला नेत नाही.

डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका चांभाराने मला नेल्फ्रीसाठी शिवलं. त्याच्याबरोबर मी अमेरिकेत, आयोवातल्या एका लहान गावी, खालच्या लीगमधल्या संघात आलो. तो शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहून जमिनीलगतचे चेंडू अडवणारा. वरच्या संघात जायचं, एवढंच त्याला हवं होतं. संघाच्या माहिती-पुस्तिकेत त्याची उंची पाच फूट नऊ इंच छापली होती. खरी होती पाच सहा.

"चिको, पुस्तिकेवर उभा राहून मोजलीस काय रे?" पहिल्या बेसवरचा उंच ब्रॅनिगन त्याला विचारायचा. चिको म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटू.

"तू वाकेपर्यंत चेंडू कुंपणाला लागतो, लंबू. मला वाकावंच लागत नाही."

रोज दुपारी रिकाम्या मैदानावर प्रशिक्षक ऑर्व्हिल जमिनीलगत शंभर चेंडू मारत. सूर्यफुलाच्या बिया चघळत म्हणत, "हात मऊ ठेव, पोरा. चेंडूला दुखता कामा नये." माझ्यातून एक जरी सुटला तरी नेल्फ्री पुन्हा एकपासून मोजायचा. मग मला कपडे बदलायच्या खोलीतल्या कप्प्यात ठेवून, मोठा हातमोजा घेऊन खेळायला जायचा. चार वर्षं मी भिंतीपलीकडचा आरडाओरडा ऐकला. सामना एकही पाहिला नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये सामना चालू असतानाच खोलीचं दार उघडलं. नेल्फ्रीला पाचव्या डावात मैदानातून बोलावून घेतलं होतं. गुडघ्यांना माती होती. मागे ऑर्व्हिल होते.

"मला काढलं का, कोच? मी धडधाकट आहे हो!"

"वरच्या संघाचा शॉर्टस्टॉप जखमी झालाय. तुझं विमान दोन तासांत आहे."

"माझी उंची सांगितलीत त्यांना?"

"त्यांनी विचारलीच नाही. आवर आता."

त्याने आपले पोरासारखे लहान बूट भरले, मोठा हातमोजा भरला. मला उचलून एकदा बोटं आत घातली. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि त्याने मला बाकावर ठेवलं. मी तिथेच राहिलो.

त्याच्या जागी सहा फुटांचा नवा खेळाडू आला. "याच्यावरून कुणी ट्रक नेला काय?" म्हणाला, आणि दार उघडं राहावं म्हणून त्याने मला दाराखाली सरकवलं. आता फटीतून मला मैदान दिसतं. नेल्फ्रीची जागा दिसते. माझं कातडं तडकलंय, वाद्या सुटल्यात.

मित्रांनो, तुमच्याकडे असं काही जुनं असेल तर त्यावर अधूनमधून तेलाचं बोट फिरवा. दाराखाली घालू नका. नेल्फ्रीला मात्र माझी आठवण करून देऊ नका. वर न टिकलेला खेळाडू याच दारातून परत येतो. दार हललं की मी आधी बूट पाहतो. ते मोठे असले की माझा जीव भांड्यात पडतो.