साहेबाची जागा

चंद्रशेखरच्या लाल गाडीची चाकं आधीच सतरा इंची होती, पण हौसेला मोल नाही. त्याला अठरा हवी होती. बालाघाट शहरात धर्मेंद्रच्या टायरच्या दुकानात त्यानं चकचकीत अलॉय रिम निवडलेही. धर्मेंद्रनं एकदा सांगून पाहिलं, "रिम मोठी घेतली का रबर पातळ होते, भाऊ." पण ऐकेल तो चंद्रशेखर कसला!

या हौसेमागं एक सल होता. त्याचा बाप वसंता भरवेलीच्या मँगनीज खाणीत जन्मभर सायकल मारत गेला. खाणीचे साहेब मोटारीत मागच्या सीटवर ऐटीत बसून जायचे. म्हणून गाडी घेतल्यापासून पोरानं बापाला मागंच बसवलं. दोन-चार फेऱ्या झाल्या आणि म्हातारा हट्टा गावी लेकीकडे जायलाही बस धरू लागला. विचारलं की म्हणे, "बसच बरी पडते मले." बाप आपल्या गाडीला नाक मुरडतो, असं चंद्रशेखरनं धरलं. चाकं झकास झाली की बसेल, ही भाबडी आशा.

अलॉय चढले. "मांगं वजन पडलं का टायर कधी कधी वर पत्र्याले घासते," धर्मेंद्र म्हणाला. "मी चालवतो. तू मांगं बसून आवाज ऐक."

आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर चंद्रशेखर पहिल्यांदा बसला. भरवेलीच्या रस्त्यावर ट्रकांनी पाडलेल्या खड्ड्यात चाक गेलं आणि कळ थेट मानेपर्यंत चढली. टायर काही घासलं नाही. पुढच्या खड्ड्याला मात्र त्याला बापाची पाठ आठवली. सतरावर गचका थोडा कमी बसला असेल, इतकंच. लाजेनं त्याचे कान तापले.

"वापस घे गाडी," तो म्हणाला.

घरी वसंता ओसरीवर शेंगा सोलत बसला होता.

"बाबा, मांगं इतके गचके बसते, काहून नाई सांगितलं?"

म्हातारा हसला. "तू मले साहेबाच्या जागी बसवलं, बेटा. तिथं बसून कण्हू कसा?"

चंद्रशेखरनं अंगणात येऊन धर्मेंद्रला फोन लावला. "हे काढाचे हायेत. पंधराचे बसव, जाड टायरवाले."

"मंग गाडी स्पोर्टी नाई दिसाची, भाऊ!"

"नको दिसू दे. माह्या बापाले बसाचं हाय तिच्यात."